लहान मुलांच्या घरातलं थँक्सगिव्हिंग: गुरुवार ते रविवार

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी घरात थँक्सगिव्हिंगची, म्हणजे सुगीनंतर आभार मानायच्या इथल्या सणाची, पहिली बातमी बहुतेक वेळा डे केअरमधून येते. दप्तरात हाताच्या पंजाला रंग लावून उमटवलेला टर्की पक्षी असतो. अंगठ्याचं डोकं, बोटांचा पिसारा. सोबत चिठ्ठी असते की गुरुवार-शुक्रवार बंद. मग रात्री आईबाबा एकमेकांना विचारतात, या चार दिवसांत आपण नेमकं करायचं काय?

आम्ही न्यूजर्सीत आलो तेव्हा मोठी साडेतीन वर्षांची होती आणि धाकटा सात महिन्यांचा. त्या वर्षी मी सगळं साग्रसंगीत करायचं ठरवलं. सात पदार्थ, मेणबत्त्या, नवा टेबलक्लॉथ. जेवण तयार झालं संध्याकाळी सात वाजता. तोवर धाकटा रडून झोपला होता आणि मोठी दूधभात खाऊन सोफ्यावर आडवी झाली होती. मला फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षीपासून एकच नियम धरला: मुलांच्या झोपेची वेळ हलवायची नाही, सण तिच्याभोवती बसवायचा. खाली जे लिहिलं आहे ते सगळं या नियमावर उभं आहे.

आधी तारीख आणि वार

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतं, म्हणजे २२ ते २८ तारखेच्या दरम्यान. अब्राहम लिंकन यांनी १८६३ मध्ये शेवटच्या गुरुवारची प्रथा राष्ट्रीय केली आणि १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार पक्का झाला. (कॅनडात असाल तर हा सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो. बाकीचा बराचसा लेख तुम्हालाही लागू पडेल.)

गुरुवार म्हटल्यावर आपल्यापैकी अनेकांना दुसरीच गोष्ट आठवते. दत्ताचा वार, स्वामींचा वार. कित्येक घरांत गुरुवारी मांसाहार नसतो, कुणाचा उपास असतो. काही वर्षी तर मार्गशीर्षातले गुरुवारही याच सुमारास सुरू होतात. २०२५ मध्ये पहिला मार्गशीर्ष गुरुवार थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी, २७ नोव्हेंबरला होता. त्यामुळे घरात हा प्रश्न दोन आठवडे आधीच बोलून टाका. भारतातून सासूबाई किंवा आई आलेल्या असतील तर नक्कीच. आमच्याकडे गुरुवारचं ताट शाकाहारी असतं आणि कोंबडी शुक्रवारी होते. कुणाचं काही अडत नाही. उलट गुरुवारी ओव्हन बराच मोकळा राहतो.

दोन आठवडे आधी: माणसं ठरवा, मग पदार्थ

लहान मुलांच्या घरी पाहुणे कमीच बरे. एखादं कुटुंब, किंवा जवळच्या विद्यापीठात एमएसला आलेली दोन-तीन मुलं. या मुलांना जरूर बोलवा. वसतिगृह रिकामं झालेलं असतं, कॅफेटेरिया बंद असतो आणि घरच्या वरणभाताची आठवण त्याच दिवशी सगळ्यात जास्त येते. शिवाय विशीतला दादा आणि ताई घरात आले की तुमची मुलं दोन तास त्यांच्याच अंगाखांद्यावर असतात.

बोलावताना तीन गोष्टी विचारा. अंडं चालतं का, कुणाला शेंगदाण्याची किंवा काजू-बदामाची ॲलर्जी आहे का, आणि त्यांचं बाळ दुपारी कधी झोपतं. दाण्याचं कूट आपल्या हातून सवयीने पडतं, त्यामुळे ॲलर्जीचा प्रश्न विसरू नका.

याच आठवड्यात शाळेत किंवा ग्रंथालयात फूड बँकेसाठी डबाबंद अन्न गोळा करणं चालू असतं. मुलाला दुकानात न्या आणि त्याच्या हाताने राजमा, चवळी, मक्याचे डबे टोपलीत टाकू द्या. तीन वर्षांच्या मुलाला दान शब्द कळत नाही, पण हा डबा दुसऱ्या कुणाच्या तरी जेवणासाठी आहे, हे अगदी नीट कळतं.

शाकाहारी घराने पाकिटावर काय वाचायचं

इथल्या पारंपरिक ताटात टर्कीशिवाय कुस्करलेला बटाटा, रताळं, फरसबी, मका, क्रॅनबेरी, भोपळा असतो. पाहून वाटतं की सगळं आपल्यालाच चालणारं आहे. तसं नसतं, आणि नवख्या माणसाला हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रताळ्याच्या कॅसरोलवर पांढरे मार्शमॅलो पसरलेले असतात. त्यात जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढतात. डुलणाऱ्या रंगीत जेलीतही तेच. तयार स्टफिंगच्या, म्हणजे टर्कीत भरायच्या सारणाच्या, खोक्यात पाव आणि मसाला दिसतो, पण त्यात बऱ्याचदा कोंबडीचा अर्क असतो. ग्रेव्ही जवळजवळ नेहमी मांसाच्या रसाची असते. फ्रोझन ‘पाय’च्या (pie, कणकेच्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ) काही कवचांत डुकराची चरबी वापरतात. भोपळ्याच्या पायमध्ये अंडी असतात, मक्याच्या पावातही बहुधा असतात. शेजाऱ्यांकडे जेवायला जाणार असाल तर त्यांना आधीच स्पष्ट सांगा: मांस, मासे, मांसाचा रस, जिलेटिन चालत नाही. मी शाकाहारी आहे एवढंच म्हटलं तर टर्की बाजूला ठेवून ग्रेव्ही वाढली जाते, आणि त्यात त्यांची चूक नसते. जाताना आपल्या घरचा एक पोटभरीचा पदार्थ घेऊन जा. तो सगळ्यांना आवडतो आणि तुमची काळजीही मिटते.

भोपळ्याचे डबेही दोन प्रकारचे असतात. एकात नुसता शिजवलेला गर, दुसऱ्यात साखर आणि मसाले घातलेलं पायचं सारण. शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि दिसतात सारखेच. आपल्याला १५ औंसांचा, नुसत्या गराचा डबा हवा.

आमचं ताट

फार पदार्थ करू नका. पाच पुरेत, आणि त्यातले दोन मुलांनी हमखास खावेत असे. आमच्याकडे वरणभात असतोच. नव्या चवींच्या दिवशी मुलांना ओळखीचा घास लागतो. त्याच्याभोवती ओव्हनमध्ये भाजलेली रताळी (वरून तूप, मीठ, जिरेपूड), ओलं खोबरं घातलेली फरसबीची भाजी, क्रॅनबेरीचा मेथांबा आणि भोपळ्याचे घारगे.

मेथांब्यासाठी ताज्या क्रॅनबेरीची १२ औंसांची पिशवी मिळते, साधारण ३४० ग्रॅम. दोन चमचे तेलात मोहरी, अर्धा चमचा मेथीदाणे, हिंग, हळद घाला. क्रॅनबेरी टाकून अर्धी वाटी पाणी घाला आणि झाकण ठेवा. दहाएक मिनिटांत फळं फटफट फुटायला लागतात. मग वाटीभर चिरलेला गूळ, मीठ, चमचाभर तिखट घालून दाट होऊ द्या. चव आंबट-कडसर, कैरीच्या मेथांब्याची आठवण करून देणारी. गरम असताना उडतो, म्हणून मुलांना आवाज लांबूनच ऐकू द्या. हा दोन दिवस आधी केला तर जास्त मुरतो.

घारग्यांना डब्यातला गर थोडा सैल पडतो, म्हणून कढईत पाच मिनिटं परतून पाणी आटवा. दोन वाट्या गराला एक वाटी गूळ घालून विरघळवा, गॅस बंद करा, वेलची आणि चिमूटभर मीठ घाला. कोमट झाल्यावर मावेल तेवढी कणीक आणि दोन-तीन चमचे तांदळाची पिठी घालून, तेलाचं मोहन देऊन घट्ट भिजवा. मुलांना गोळे द्या, प्लास्टिकवर थापू द्या. आकार कसाही येवो. तळणं मात्र मोठ्यांनीच करायचं आणि तेही सुरुवातीपासून पंखा लावून, कारण अपार्टमेंटमधला धुराचा अलार्म तळणीच्या धुराने सहज वाजतो आणि झोपलेलं बाळ उठतं.

टर्की करायचाच असेल तर

करा, पण पूर्ण माहिती घेऊन. गोठलेला टर्की फ्रिजमध्येच वितळवायचा आणि त्याला दर ४-५ पौंडांमागे एक अख्खा दिवस लागतो. १२ पौंडांचा पक्षी, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास, सोमवारी सकाळीच फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, कडा असलेल्या ट्रेमध्ये ठेवायला हवा. ओट्यावर ठेवून वितळवू नका. धुवूही नका, आपल्याला ही सवय असते, पण धुताना कच्च्या मांसाचे शिंतोडे सिंकभर उडतात आणि तिथेच बाळाची बाटली असते. पोटाच्या पोकळीत आणि मानेकडे काळीज-यकृताची पुडी लपलेली असते, ती काढायला विसरू नका. ३२५ अंश फॅरनहाइटवर, आत सारण न भरता, १२ पौंडांना तीन तास किंवा थोडे अधिक लागतात. शिजला की नाही हे रंगावरून ठरत नाही. थर्मामीटर मांडीच्या आणि छातीच्या जाड भागात खुपसून १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस दाखवतो का, ते पाहा.

चार माणसांच्या घराला माझा सल्ला: अख्खी कोंबडी आणा किंवा टर्कीची फक्त छाती आणा. दह्यात, आलं-लसणात, गरम मसाल्यात रात्रभर मुरवलेली कोंबडी दीड-दोन तासांत होते आणि सगळी संपते.

अमेरिकेत स्वयंपाकघरातल्या आगी वर्षभरात सगळ्यात जास्त याच दिवशी लागतात. शेगडीपासून तीन फुटांवर रेघ आखा. आम्ही फरशीवर रंगीत चिकटपट्टी लावतो आणि मुलांना सांगतो, या रेषेच्या आत पाय नाही. ती तो नियम खेळासारखा पाळतात.

बुधवार: खरेदी संपवा, काम मुलांना द्या

गुरुवारी बहुतेक मोठी दुकानं बंद असतात. दूध, डायपर, तापाचं औषध बुधवारी दुपारपर्यंत घरात हवं. संध्याकाळी दुकानात आणि रस्त्यावर दोन्हीकडे गर्दी असते.

बुधवारची दुपार मुलांच्या हातची. दोन वर्षांचं मूल फरसबीच्या शेंगा मोडू शकतं. तीन-चार वर्षांचं रताळी धुतं, उकडलेले बटाटे कुस्करतं. पाच-सहा वर्षांचं चमचे मोजून मांडतं, नावांच्या चिठ्ठ्या लिहितं, आणि मराठीतही लिहितं. या दिवशी आजोबांच्या चिठ्ठीवर ‘आजोबा’ हे कुणीतरी काढलंच पाहिजे, मग काना-मात्रा कुठेही जावो.

क्रॅनबेरीचा एक प्रयोग नक्की करा. एक फळ आडवं कापा. आत हवेचे चार कप्पे दिसतात. म्हणूनच ते पाण्यावर तरंगतं आणि टेबलावर टाकलं की उडी मारतं. पाण्याचा टब द्या आणि अर्धा तास तुमचा स्वयंपाक करा, पण नजरेच्या टप्प्यात राहून. चार वर्षांखालच्या मुलाच्या हातात अख्खी क्रॅनबेरी, अख्खं द्राक्ष, अख्खा शेंगदाणा, पॉपकॉर्न जाऊ देऊ नका; घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करून द्या. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चालत नाही, आणि इथल्या सणाच्या पदार्थांत मध पुष्कळ असतो.

गुरुवार, तासातासाने

सकाळी आधी भारतात फोन. पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. आजीची सांजवात झालेली असते, मुलं ताजीतवानी असतात. दुपारनंतर फोन केला तर तिकडे मध्यरात्र आणि इकडे चिडचिड. पश्चिम किनाऱ्यावर असाल तर सातलाच लावा.

मग टीव्हीवर न्यूयॉर्कची परेड. १९२४ पासून चालत आलेली ही मिरवणूक तीन मजली घराएवढे फुगे, बँड आणि शेवटी सांताक्लॉज अशी येते. लहान मूल सगळी बघत नाही, बघायला लावू नका. आमच्याकडे घरातच परेड निघते: वाट्या, झांजा, एक फुगा, आणि गणपतीच्या मिरवणुकीतला ताल. परेडच्या वेळातच वरणभाताचा कुकर लावायचा.

जेवण साडेअकरा ते बाराच्या दरम्यान. हो, इतक्या लवकर. अमेरिकन घरं दुपारी दोन ते चारच्या मध्ये जेवतात, पण बाळाची झोप एक वाजता असेल तर दोनचं जेवण म्हणजे रडारड. पाहुण्यांना मोकळेपणाने सांगा की लवकर या. मुलांची ताटं पाहुणे आल्यावर लगेच वाढा, आपली मागाहून. मुलांना वाटीत एकेक पदार्थ चमचाभरच द्या. न खाल्लेल्या मेथांब्यावरून आज वाद नको.

जेवणाआधी आम्ही नेहमीचा श्लोक म्हणतो आणि मग एक फेरी होते. इथे थोडं थांबून सांगते. मराठी घरात आईला कुणी ‘आभारी आहे’ म्हणत नाही. तो शब्द सभेतला. मुलांना ‘तू कशाबद्दल कृतज्ञ आहेस’ असं विचारलं तर ती बुजतात. ‘या आठवड्यात तुला कुणी मदत केली?’ किंवा ‘काय मजा आली?’ असं विचारा. उत्तर झाडाच्या पानासारख्या कापलेल्या कागदावर लिहा आणि अंगणातून आणलेल्या सुक्या फांदीला दोऱ्याने बांधा. मुलगा ‘डायनोसॉर’ म्हणाला तर डायनोसॉर लिहा. माझ्या लेकीने एका वर्षी बसच्या ड्रायव्हर काकांचं नाव सांगितलं, कारण ते तिच्या हातमोज्याची वाट बघत थांबले होते. आम्हाला ती गोष्ट तोवर माहीतच नव्हती.

एक वाजता बाळ झोपतं. मोठ्यांचं खरं जेवण, गप्पा, भांडी, सगळं या दोन तासांत. अन्न शिजल्यापासून दोन तासांच्या आत उथळ डब्यांत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. तीनला सगळे बाहेर. नोव्हेंबरात न्यूजर्सीत साडेचार-पावणेपाचला अंधार पडतो, त्यामुळे हा एक तास सोडू नका. पानांच्या ढिगात उड्या मारणं हा मुलांच्या दृष्टीने सणाचा गाभा आहे. घरी आल्यावर गुडघ्याच्या मागे, काखेत, केसांत गोचीड पाहा. थंडी पडली तरी ती असते. रात्री साधी खिचडी किंवा दूधभात, आणि नेहमीच्या वेळी दिवे बंद.

गोष्ट कोणती सांगायची

माझ्या मुलीने बालवाडीत या सणाची गोष्ट ऐकून घरी येऊन विचारलं, ‘आई, ते इंडियन म्हणजे आपणच का?’ (इथल्या मूळ रहिवाशांनाही ‘इंडियन’ म्हणत आले आहेत.) हा प्रश्न तुमच्याही घरी येणार आहे. उत्तर तयार ठेवा.

मी तिला असं सांगितलं: ज्या लोकांची ही भूमी होती, त्यांचं नाव वाम्पानोआग. १६२० मध्ये मेफ्लॉवर नावाच्या जहाजातून १०२ माणसं त्यांच्या किनाऱ्यावर आली. पहिल्या हिवाळ्यात त्यातली जवळजवळ निम्मी गेली. टिस्क्वांटम नावाच्या माणसाने उरलेल्यांना मका कसा लावायचा, खताला मासे कसे घालायचे ते शिकवलं. १६२१ च्या शरदात पीक चांगलं आलं. तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला तीन दिवस मेजवानी झाली. वाम्पानोआगांचा प्रमुख मासासोइट सुमारे ९० माणसं घेऊन आला आणि त्यांनी पाच हरणं आणली.

चार वर्षांच्या मुलाला इथवर पुरे. सात-आठ वर्षांच्या मुलाला पुढचंही सांगा: नंतर त्या लोकांची जमीन गेली, युद्धं झाली, रोगांनी फार माणसं मेली. म्हणून १९७० पासून प्लिमथमध्ये त्यांचे वंशज याच दिवशी शोकदिन पाळतात. वाम्पानोआग लोक आजही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतात, हेही सांगा, नाहीतर मुलांना ते फक्त चित्रातले वाटतात. त्यांची नक्कल म्हणून कागदी पिसांचे मुकुट घरी करू नका. पंजाचा टर्की करा, तो कुणाला दुखवत नाही.

मग ताटाचा खेळ खेळा. आपल्या उपासाच्या ताटात अमेरिका खंडांतून काय काय आलं? बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, आणि साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून करतात तो कसावासुद्धा. मिरची आणि काजू पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले. अमेरिकेच्या मूळ शेतकऱ्यांनी हजारो वर्षं निगुतीने वाढवलेली ही पिकं आज आजीच्या खिचडीत आहेत. गुरुवारचा उपास असलेल्या आजीने हे ऐकलं तेव्हा ती कितीतरी वेळ ताटाकडे पाहत राहिली.

शुक्रवार, शनिवार, रविवार

शुक्रवारी पहाटे दुकानांच्या रांगेत लहान मुलांना नेऊ नका. सवलती हल्ली आधीपासून आणि ऑनलाइनही असतात. या दिवशी घरात कोंबडी, आणि कुस्करलेला बटाटा उरला असेल तर त्याचे पराठे. त्यात लोणी-दूध असल्याने सारण सैल होतं, थोडं बेसन भाजून घाला. उरलेली टर्की बारीक करून पुलावात छान लागते.

शनिवारी गावातल्या छोट्या दुकानांत एक फेरी मारा. २०१० पासून हा शनिवार छोट्या दुकानदारांसाठी म्हणून ओळखला जातो आणि पुष्कळ गावांत याच सुमारास झाडावर दिवे लावतात. बाकी दिवस मोकळा सोडा. पायजम्यात राहा.

रविवारी लांबचा प्रवास टाळा, वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसांपैकी तो एक असतो. फांदीवरची पानं उतरवून पाकिटात घाला आणि वर वर्ष लिहा; पुढच्या वर्षी ती आधी वाचायची. भोपळ्याच्या डब्यातला उरलेला गर बुधवारीच फ्रीझरमध्ये टाकला असेल तर तो सकाळी खाली काढून ठेवा. संध्याकाळी सोमवारच्या डब्यापुरते सहा-सात घारगे होतात.